अप्पांचा उरलेला डोळा

गुलबर्गा, २४ नोव्हेंबर १९८८

ती. बाणूअक्कास,
सा. न. वि. वि.

अप्पांना तुझ्याकडे खटकचिंचोळीला सोडून आठ दिवस झाले, तुझं एक कार्ड नाही. शाळेत पोरांना बेरीज शिकवताना माझीच चुकते. काचबिंदूनं एक डोळा गेलाच. दुसऱ्यात ही बारीक नळी बसवली. पण नळी बसली म्हणजे काम झालं असं नाही, हे हैदराबादच्या डॉक्टरांनी बजावलंय. मागचं ऑपरेशन फसलेलं, म्हणून नळीभोवती जाड पडदा धरायची भीती जास्त. तो धरला की आतलं पाणी तुंबतं, दाब वाढतो. थेंब एकदाही चुकवू नकोस.

तुझा लोभ ठाऊक आहे, पण तो टपालानं आला तर झोप लागेल.

तुझा,
पिराप्पा

खटकचिंचोळी, ३ डिसेंबर

चि. पिराप्पास अनेक आशीर्वाद.

तुझी तीन पत्रं एकदमच आली. पोस्टमन तिप्पण्णा विचारत होता, मास्तरांच्या घराला आग लागली का. अप्पा बरे आहेत. डोळ्याची लाली उतरली. काल दारातून कोकरू ओळखलं, वर मलाच म्हणाले, लई वाळलीस. थेंब मीच घालते, हात धुऊन. मास्तर झालास तरी तुझं नाक मी पुसलंय.

चंपाषष्ठी जवळ आली. मैलारच्या मल्लण्णाला नवस बोलले आहे.

सुखी राहा, माया पातळ करू नकोस.
बाणूबाई

गुलबर्गा, ९ डिसेंबर

ती. अक्कास सा. न. वि. वि.

नवस कसला, ते लिहिलं नाहीस. षष्ठीच्या सहा दिवसांच्या उपासात अप्पा औषधाला शिवत नाहीत, तापातही गोळी गिळली नव्हती. थेंब चालू ठेव, देवाला मी समजावतो.

पिराप्पा

खटकचिंचोळी, १६ डिसेंबर

चि. पिराप्पास आशीर्वाद.

तुझं पत्र काल, षष्ठीलाच हाती पडलं. खोटं लिहीत नाही. सहा दिवस थेंब बंद होते. हट्ट अप्पांचा नव्हता, नवस माझा होता: डोळा राहू दे, बापलेक उपास कडक धरू. लाली गेली म्हणजे डोळा बरा झाला असं मला वाटलं. वांग्याचं भरीत करून उपास सोडला, तर अप्पा म्हणाले, दिव्याभोवती रंगीत कडं दिसायलंय. येऊन त्यांना घेऊन जा. मी बरोबर येत नाही, माझी हिंमत होत नाही.

रागावलास तरी तोडू नकोस.
बाणूबाई

गुलबर्गा, २९ डिसेंबर

ती. अक्कास सा. न. वि. वि.

हैदराबादहून काल अप्पांना माझ्याकडे आणलं. पडदा धरलाच होता. डॉक्टरांनी सुईनं मोकळा केला, दाब उतरला. गेलेली नजर मात्र परत येत नाही. आता फक्त समोरचं दिसतं, बाजूचं नाही. तेही किती टिकेल, सांगत नाहीत. थेंब बंद राहिल्यामुळेच झालं का, विचारलं. मागच्या ऑपरेशनच्या जखमेनंही झालं असेल, म्हणाले. अक्का, मी तुझ्यावर फार रागावलो होतो.

तुझं पत्र अप्पांना वाचून दाखवलं. त्यांनी सांगितलं ते जसंच्या तसं लिहितो: बाणूला म्हण, देवाचं मागाहून बघू, आधी तू ये. अन् आलीस की बाजूला उभी राहू न्हाई, माझ्या समोर बस.

तुझा,
पिराप्पा