दोनशे तीसमधून तीनशे अडुसष्ट

४ फेब्रुवारी
पुस्तक चुकलंय! गणित सातवं. एकाच ओळीत रोध, चोक, कपॅसिटर. सप्लाय २३० व्होल्ट. कपॅसिटरवर किती? उत्तर म्हणे ३६८. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? समासात लिहिलं — छापखान्याची चूक.
खात्याची सुपरवायझर परीक्षा, तिसऱ्यांदा. ३ मार्चला. या वेळी गेली, तर हातात पक्कड घेऊनच निवृत्त.

५ फेब्रुवारी
पुन्हा ३६८.

८ फेब्रुवारी
लेकीनं वही ओढून घेतली. बारावीत आहे, शिंगं फुटलीत. तीन आकडे लिहिले — रोधावर १३८, चोकवर १८४, कपॅसिटरवर ३६८.
"सहाशे नव्वद!" म्हटलं. "घरात वीजकेंद्र आहे का?"
"बाबा, सरळ बेरीज नसते. चोक आणि कपॅसिटर उलट बाजूंना ओढतात. आधी वजाबाकी, १८४ उरतात. मग १३८ आणि १८४ बाजूंचा काटकोन त्रिकोण. कर्ण २३०."
"म्हणजे रस्सीखेच?"
"हो! दोरी जेमतेम सरकते, पण हात सोलून निघतात ना?"
बायको आतून — "अहो, ऐका तिचं. पुस्तकाशी भांडून कुणाचं भलं झालंय?"
घरात दोन मास्तरणी! सत्तावीस वर्षं तारा जोडतोय. अख्ख्या वर्कशॉपला नियम मी घालून दिला — सप्लायपेक्षा वीस व्होल्ट जास्त सोसणारा कपॅसिटर लावा, बास.

११ फेब्रुवारी
वही भिरकावली. मीच उचलली. लेक हसली नाही, ते जास्त लागलं.

१४ फेब्रुवारी
जेवणाच्या सुट्टीत टेबलावर तेच गणित जोडलं. सप्लाय २३०. कपॅसिटरवर ३६६. मीटर बदलला. ३६७. तिसरा मागितला, तर स्टोअरकीपर म्हणतो, "दादा, थर्मामीटर बदलून ताप उतरतो का?"

१५ फेब्रुवारी

गेल्या वर्षी वर्कशॉपच्या हॉलमधल्या दिव्यांची पेटी फुटली. तिथंही चोक आणि कपॅसिटर एकाच ओळीत. चष्म्या म्हणतो त्या माझ्या कामातल्या जोडीदाराचा उजवा हात भाजला. अहवाल मी लिहिला : त्याच्याकडून स्क्रू ढिला राहिला. तो एवढंच म्हणाला, "आवळला होता रे. तुझ्यासमोर." त्याला कामावरून काढून टाकलं.
कपॅसिटर मी दिला होता. २५०चा. काढलेल्या जुन्यावर ४४० छापलेलं. ते बघून हसलो होतो — "उगाच खर्च!"

१६ फेब्रुवारी
हे साहेबांना सांगितलं, तर सुपरवायझर विसराच. नाही सांगितलं, तर कुणाला कळणार आहे?

२ मार्च
सगळी गणितं बरोबर आली. लेक म्हणाली, "बाबा, तुम्ही पास!" समासातली ओळ खोडली.

३ मार्च
नऊ वाजता साहेबांच्या टेबलावर नवा अहवाल ठेवला. "परीक्षेला बसू नका," म्हणाले.
दहा वाजता चष्म्याच्या घरी. त्यानंच दार उघडलं. डाव्या हातानं.