हंगामी आणि बारमाही

११ जून १९८२, औसा
सकाळी आठला तहसीलच्या आवारातलं पर्जन्यमापक पाहिलं. वहीत लिहिलं – शून्य. आणि एकटीच हसले! अख्खा तालुका आभाळाकडे डोळे लावून बसलाय, अन् कारकूनबाई खूश. कुणाला कळलं तर मारतील.
पण दर वर्षी मळभ दाटलं की मला अंथरूण सोडवत नाही. दीड-दीड महिना रजा. यंदा मळभच नाही!

२ जुलै
सिंधुला घेऊन नांदेडला मनाच्या डॉक्टरांकडे. माझी ही धाकटी बहीण बारा महिने मलूल असते. डॉक्टरांनी दोघींना स्वभावाचे प्रश्न विचारले. नवीन काही करायला आवडतं? मी – खूप! सिंधु – "न्हाई." लोकांचं बोलणं मनाला लागतं? तिथं मात्र दोघींचं हो.
"तुमचं दुखणं हंगामी, यांचं बारमाही," डॉक्टर मला म्हणाले.
एसटीत तिला चिडवत आले – मी ज्वारी, तू ऊस. हसली नाही.

१९ जुलै
शून्य. विहिरी आटल्या, हापशावर भांडणं, आणि मी गाणी म्हणत भाकरी थापतेय. लाज वाटते. पण बरं वाटतं त्याला काय करू?

२८ जुलै
ऑर्डर आली! लातूर जिल्हा होतोय आणि नव्या कलेक्टर कचेरीत माझं नाव. सोळा ऑगस्टला हजर व्हायचं. साहेब म्हणाले, "बाई, यंदा रजेचा अर्ज आला तर दुसरं नाव टाकीन." म्हटलं, पाऊस कुठाय साहेब? घरी येऊन सिंधुला हाताला धरून गरागरा फिरवलं.

९ ऑगस्ट
सिंधुवर ओरडले. एवढं सामान बांधायचंय अन् ही एक पातेलं मांडीवर घेऊन तासभर बसलेली. "आजारबिजार काही नाही, स्वभावच आळशी तुझा." तिनं पातेलं बांधलं. मी बरी झाले, तर हिला काय होतंय?

१६ ऑगस्ट, लातूर
लख्ख ऊन. ढगाचा ठिपकाही नाही. आणि मला उठवेना. छातीवर दर पावसाळ्यातलं तेच ओझं. म्हणजे पावसाचं काही नव्हतंच?
साडेनऊ झाले. सिंधु पाणी तापवून, माझं पातळ घेऊन उशाशी बसलीय. म्हटलं, मला उठवत नाही गं.
"मला बी न्हाई उठवत, अक्का. रोजच. आधी एक पाय खाली टाक. दुसऱ्याचं मग बघू."
एक पाय खाली आहे.