मूठ धाकट्या जावेच्या नावे

स्वतःची प्रकृती लिहिण्याआधी तुमची विचारते. वकील म्हणाले, मृत्युपत्रात असे विचारत नाहीत, करणारी ठणठणीत आहे एवढेच लिहायचे असते. मी म्हटले, घरी आलेल्या माणसापुढे कोणी आधी कपाटाच्या किल्ल्या टाकत नाही, आधी बसा म्हणतात.

तर लेकी, तुझी कंबर कशी आहे? दवाखान्यात दिवसभर दुसऱ्यांच्या दातांवर वाकून उभी राहतेस, घरी आल्यावर जरा पाठ टेकत जा. जावईबापूंचे पित्त कसे आहे? उपाशीपोटी काळी कॉफी पिऊ नका हे त्यांना सांगून माझी जीभ झिजली. भाऊजी, तुमचा गुडघा? पूल ओलांडून यायला त्रास होतो म्हणून येत नाही असे कळले. पुलाला कठडा आहे, धरून यावे. आणि धाकटे, तुझे मनगट कसे आहे? पोती स्वतः उचलतेस असे ऐकले. उचलू नकोस. तुझा हात गेला तर मी जळायचे कोणावर?

आता माझे. मी, कोपऱ्यावरच्या कॉफीच्या दुकानाची मालकीण, जिला अख्खा रस्ता कॉफीवाली मावशी म्हणतो, आज पूर्ण शुद्धीत, कोणाच्या सांगण्याने किंवा धाकाने नव्हे तर आपल्या मर्जीने, माझ्या मागे माझ्या चीजवस्तूंचे काय करायचे ते लिहून ठेवते. डोके शाबूत आहे. डोळे कामापुरते आहेत. नाक कधीच फार कामाचे नव्हते. कानांचे पुढे येईल. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही, तेव्हा जुने रद्द करण्याचा प्रश्न येत नाही.

एक. दुकान, त्यावरची खोली आणि बँकेत जे काही असेल ते लेकीचे. तिला कॉफीचे वेड नाही, समोर ठेवलेला कप ती विसरून गार करते. तिने दुकानात कापड विकावे की दात काढावेत, मी वरून बघायला येणार नाही. भिंतींत मुरलेला वास घालवायला मात्र रंगारी लावू नये. जाणार नाही आणि रंग फुकट जाईल.

दोन. काळी लोखंडी कढई भाऊजींना द्यावी. मी या घरात आले तेव्हा सासरे तयार पूड आणून विकत. मग एक दुकान मोडीत निघाले, तिथून त्यांनी हाताने फिरवायचा ड्रम उचलून आणला, आणि तो चालवायचा कसा हे कोणालाच ठाऊक नव्हते. तो जिंकण्याआधी मी या कढईत शिकले. अर्ध्या बिया कच्च्या, अर्ध्या कोळसा. घरातले सगळे काही ना काही निमित्त काढून उठून जात. भाऊजी तेवढे बसून राहत, कप संपवत आणि म्हणत, "वहिनी, कालच्यापेक्षा बरी आहे." कालच्यापेक्षा बरी नसायचीच. तरी त्यांच्या त्या एका वाक्यावर मी दुसऱ्या दिवशी पुन्हा जाळ लावत असे. कढई घासून गुळगुळीत करू नये.

तीन. चाळण्या, तराजू, डबे आणि दळायचे यंत्र ज्याला उपयोगी पडेल त्याला द्यावे, पण द्यायच्या आधी यंत्राच्या पोटात हात घालून साफ करावे. आमच्या यांचा मोठा कप मात्र कोणाला देऊ नये. तो माझ्याबरोबर जाईल. त्यात काय प्यायचे हे आम्ही दोघे ठरवू.

चार. बासरी शिकवणारे मास्तर यांना काही द्यायचे नाही. कारण असे. धाकटी जाऊ घरात आली तेव्हा तिला मीच ड्रमजवळ उभे केले. आगीवर ड्रम फिरायला लागला की बिया आधी गप्प असतात, मग एकदा मोठ्याने तडतडतात, सुक्या काटक्या मोडाव्यात तशा. पुन्हा गप्प. मग दुसरी बारीक चुरचुर सुरू होते, पातळ कागद चुरगळावा तशी. त्या चुरचुरीच्या तोंडाशी बिया बाहेर काढायच्या. हे मला कोणी सांगितले नव्हते, ड्रमला कान लावून लावून कळले होते. तिला मी ते आयते दिले.

आणि तिने काय करावे? ती चार पावले मागे जाऊन डोळे मिटून उभी राहिली आणि म्हणाली, "जाऊबाई, ओल्या गवताचा वास गेला. आता पावासारखा येतोय. आता काढा." मी म्हटले, माझ्या कानांना अजून काही ऐकू आलेले नाही, तू मध्ये पडू नकोस. पण मी भरभर हुंगून पाहिले. मला गवत आले नाही की पाव आला नाही. मला धूर आला. आजवर मला धूरच येत आला आहे.

मला तापाने धरले त्या आठवड्यात तिने एकटीने भाजले. मास्तर नेहमीचे गिऱ्हाईक, नेहमीच्या बाकड्यावर बसले, एक घोट घेतला आणि मला ऐकू जाईल अशा बेताने माझ्या नवऱ्याला म्हणाले, "आज कॉफीत जीव आलाय हो. हात बदलला का?" जीव आलाय! म्हणजे इतकी वर्षे मी त्यांना काय पाजत होते? मी अंथरुणातून उठले, खाली आले, ड्रम फिरवायची मूठ काढली आणि एप्रनच्या खिशात घातली. त्यानंतर ती मूठ माझ्या खिशातून फक्त ड्रमला लागण्यापुरती निघाली. मुठीशिवाय ड्रम म्हणजे नुसते पिंप. धाकटीने एकदाही मागितली नाही. काही महिन्यांनी ती आणि भाऊजी आमच्यापासून वेगळे झाले, पुलापलीकडे गेले, आणि तिने तिथे आपले दुकान काढले. लोक मला विचारतात, पश्चात्ताप होतो का. नाही होत. आज पुन्हा ताप आला तरी आधी मूठ काढीन.

तिच्या दुकानाबद्दल सगळे या कागदात नको, कागद पुरणार नाही. भाजायचे यंत्र काचेचे, आतल्या बिया दिसतात, जसे काही कोणी बघितल्याशिवाय त्या भाजतच नाहीत. पिशवीवर भाजल्याची तारीख टाकते, बाळाच्या पाळण्याला लावावी तशी. गिऱ्हाइकांना सांगते, ताज्या म्हणजे गरम नव्हे, भाजल्यावर बियांना काही दिवस निवू द्यावे, मग चव उघडते. हे तिला कोणी शिकवले ते सांगते का? लेकीने एकदा जाऊन विचारले. धाकटी म्हणाली, "आमच्या घरी असंच करायचे." आमच्या घरी. मी त्या दिवशी जेवले नाही. मी तिच्या बिया दर महिन्याला दुसऱ्याच्या हातून मागवते आणि दोष शोधते. एकदा सापडला होता. नंतर कळले, तो आमच्या नळाच्या पाण्याचा होता.

पाच. दुकानाबाहेरचे बाकडे छत्रीवाल्याला द्यावे असे मनात होते. तो आमच्या कोपऱ्यावर छत्र्या दुरुस्त करतो. शहरात नवीन आलेली, चांगल्या कॉफीसाठी वणवणणारी माणसे मला दुरून ओळखू येतात. पाट्या वाचत चालतात, प्रत्येक दारापुढे थबकतात, आत शिरून पहिला प्रश्न विचारतात, "भाजल्या कधी?" असा प्रश्न विचारणारे माणूस मला माहेरचे वाटते. ही सगळी माणसे शेवटी छत्रीवाल्याला विचारतात, आणि तो हातातल्या छत्रीच्या काडीने माझे दार दाखवतो. दाखवत असे.

या वर्षी एक दिवस मी दारात उभी होते. नवरा-बायको वाटावीत अशी दोघे त्याच्याशी बोलली. काडी वर झाली, माझ्या दारावरून पुढे सरकली आणि पुलाकडे वळली. मी पायाला सापडले ते घालून त्याच्यापुढे गेले. विचारले, काय रे, वाऱ्याने काडी फिरली का? तो खाली मान घालून काहीतरी पुटपुटला. मी म्हटले मोठ्याने बोल. तो पुन्हा बोलला. मी म्हटले, तोंडात खिळे धरून बोलू नकोस. तेव्हा त्याने खिळे हातात काढले, उभा राहिला आणि माझ्या कानाशी ओरडला, "मावशी, तुम्हाला बिया ऐकू येत नाहीत आता! जळतायत!"

मला ते ऐकू आले. समोरच्या न्हाव्यालाही आले, गिऱ्हाइकाच्या गालावर त्याचा हात तसाच थांबला.

मी छत्रीवाल्याला मानगूट धरून आत आणले. ड्रम तापवला, बिया घातल्या आणि त्याला सांगितले, बारीक चुरचुर सुरू झाली की हात वर कर. मी कान लावून बसले, केस भाजतील इतकी जवळ. पहिली तडतड मला आली, पण भिंतीपलीकडून आल्यासारखी. मग शांतता. त्याने हात वर केला. माझ्यासाठी शांतताच होती. मी हट्टाने फिरवत राहिले, मला वाटले तेव्हाच बिया काढल्या. ताटात पडल्या त्या बियांना डांबरासारखे तेल सुटले होते. छत्रीवाल्याने एक बी तोंडात टाकली, चावली आणि म्हणाला, "मावशी, कालच्यापेक्षा बरी आहे." भाऊजींचे वाक्य याला कोणी शिकवले कोण जाणे. त्यानंतर मी भाजलेले नाही. दाराला पाटी लावली आहे की मालकीण आजारी आहे. आजारी नाही.

सहा. हे धाकटीला ठाऊक होते का, याचा मी तपास केला. लेक तिच्याकडून पिशवी आणायला गेली तेव्हा तिने पैसे घेतले नाहीत आणि विचारले, "आई अजून ड्रमला कान लावते का गं? सांभाळ, तिला आता जवळ जावं लागत असेल." लेकीने हे मला निरोप म्हणून सांगितले. बघा म्हणजे. पूल ओलांडून जाते कोण, तर माझा धूर. त्या धुराच्या वासावरून तिला इथे बसलेल्या माझ्या कानांचे कळले. असे नाक देणाऱ्याने मला निदान अर्धे तरी द्यायचे होते.

माझ्या मिळकतीत हा हेवा सर्वांत जुना आणि सर्वांत जपलेला आहे. त्याची वाटणी होणार नाही. तो कोणाच्याही नावे करीत नाही, दान करीत नाही, सोडूनही देत नाही. शेवटपर्यंत माझ्याच वापरात राहील.

सात. भाजायचा ड्रम, तो ज्यावर बसतो तो लोखंडी घोडा, त्याची मूठ. वकिलांना सांगितले की ड्रम लेकीला आणि मूठ धाकट्या जावेला लिहा, म्हणजे एकीचे दुसरीशिवाय चालणार नाही. ते म्हणाले, यातून भांडण होईल. मी म्हटले, भांडायला समोरासमोर यावे लागते, तेच हवे आहे. मग रात्री विचार पालटला. मी गेल्यावर त्या भेटून मला काय मिळणार? मला त्यात बसायलाही मिळणार नाही.

म्हणून असे ठरवते. मूठ मी मागे ठेवत नाही. या कागदाची एक प्रत आणि ती मूठ आजच छत्रीवाल्याबरोबर पुलापलीकडे पाठवते आहे. एप्रनचा खिसा हलका लागतो आहे, दोनदा चाचपून झाला. धाकटे, सोमवारी तुझे दुकान बंद असते. मूठ घेऊन ये. कोपऱ्यातल्या पोत्यात नव्या हंगामाच्या बिया आहेत, हाताला चांगल्या लागतात. चार पावले मागे जाऊन डोळे मिटून उभी राहा आणि काय येते ते मला सांग, गवत, पाव, जे असेल ते. मोठ्याने सांग. बिया काढायचे काम माझे हात करतील, ते अजून चुकत नाहीत. मूठ कोणी फिरवायची हे तेव्हा भांडून ठरवू. त्या भाजणाच्या बिया निवल्या की लेक धरून चौघे बसून पिऊ, भाऊजी कठडा धरून येतील. त्यानंतर ड्रम आणि मूठ दोन्ही तुझी, मी असताना आणि नसताना.

तू आली नाहीस तर ड्रम भंगारवाल्याचा. त्याच्याशी बोलणे झाले आहे. त्याला ड्रम फार आवडला, माणूस चांगला आहे.

साक्षीदारांबद्दल एक. वकिलांनी सांगितले की मृत्युपत्रावर साक्षीला सही करणाऱ्याला त्या मृत्युपत्रातले काही मिळत नाही. हे कळल्यावर साक्षीदार निवडायला मला वेळ लागला नाही. छत्रीवाल्याचे बाकडे मी आज सकाळीच त्याच्या हवाली केले आहे, ते या कागदात धरू नये.

वरील सर्व मजकूर मी दोन्ही साक्षीदारांसमोर वाचून दाखवला. मास्तर म्हणतात, इतक्या मोठ्याने वाचायची गरज नव्हती.

सही: कॉफीवाली मावशी

साक्षीदार पहिला: छत्रीवाला (सही केली, आणि मूठ पोचवायची कबूल केली)

साक्षीदार दुसरा: बासरीचे मास्तर (सही केली. ते वाक्य आपण म्हणालो होतो हे त्यांना आठवत नाही. मला आठवते.)

स्थळ: दुकानावरची खोली, ड्रमच्या बरोबर वर. इथली फरशी पूर्वी कोमट असायची.

दिनांक: बावीस, मंगळवार. म्हणजे सोमवारला अजून अवकाश आहे.

धाकटे, येणार असशील तर तसे लिही, नसशील तर तसे लिही. निरोप तोंडी पाठवू नकोस, मला ऐकू येणार नाही. चार ओळी खरड, पण लवकर. छत्रीवाल्याला मी उत्तरासाठी तिथेच थांबायला सांगितले आहे.