चैतू साहेबांचा वाचणारा

चंद्रपूर, रविवार दुपार

आदरणीय बायनाबाई यांस,

हेमराजचा वाकून नमस्कार. तुमचे गुडघे कसे आहेत ते विचारतो, आणि तुमच्या लेकीकडचे, दिव्यानीकडचे सगळे बरे आहेत ना, तेही विचारतो. (उत्तर येणार नाही हे माहीत आहे, पण विचारायची सवय सुटत नाही.) इकडे माझ्या कमळाला बीपी आहे, मला साखर आहे आणि साहेबांना काहीच नाही, हीच काळजी आहे. काहीच दुखत नसलेला रिटायर माणूस दिवसभर करणार काय?

तुमचा धाकटा भाऊ चैतू, म्हणजे आमचे डाहारे साहेब, मार्चमध्ये रिटायर झाले. निरोपाच्या कार्यक्रमात त्यांना भिंतीवरचं घड्याळ दिलं. (आंधळ्या माणसाला. वर ते बिनआवाजाचं, टिकटिकसुद्धा नाही.) एक वकील भाषणात म्हणाले, साहेबांनी एकवीस वर्षं डोळे झाकून न्याय दिला. सगळा हॉल गप्प. एकटे साहेब हसले. तुमच्याबद्दल मात्र कोणी बोललं नाही. मी बोलणार होतो, पण मला नेमकं तेव्हाच समोसे मोजायला पाठवलं.

बोलायला मिळालं असतं तर मी सांगितलं असतं, की सातव्या वर्षी गोवरात त्यांचे डोळे गेले, आणि अकरा वर्षांच्या बहिणीनं त्यांना हाताला धरून शाळेत नेलं. फळ्यावरचं वाचून त्यांच्या कानात सांगितलं. गुरुजी म्हणाले, "तुयं नाव पटावर नाई, काऊन बसून राह्यली?" तुम्ही म्हणाल्या, "मी याचे डोये आहो, गुरुजी." साहेब ही गोष्ट मला वर्षातून दोनदा तरी सांगतात. पुढे नागपूरची अंधशाळा, मग वकिली. चौदा वर्षं तालुक्याच्या कोर्टात टेबल मांडून बसले. पक्षकार यायचे, पांढरी काठी पाहायचे आणि बाजूच्या टेबलावर जायचे. मग परीक्षा दिली, जज झाले, अपिलाच्या कोर्टात बसले, आणि फायली वाचून दाखवायला मला नेमलं. म्हणजे पहिल्या वाचणाऱ्या तुम्ही, दुसरा मी. (मध्ये एक वाचणारा कॉम्प्युटर आला होता. त्यातली बाई मराठी अशी वाचायची, की खुनाचा आरोपी कोण आणि शवविच्छेदन कोणाचं, हे कळेना. साहेबांनी तो मिटून ठेवायला सांगितला.) कोर्टात त्यांचे कान मोठे तिखट. एकदा साक्षीदार काय बोलला यावर वाद चालला होता, आणि वकील मागे हात करून आपल्या पक्षकाराला गप्प बसायची खूण करत होते. साहेब म्हणाले, "हात खाली घ्या वकीलसाहेब, घड्याळाचा पट्टा सैल आहे तुमचा."

असा माणूस आता खुर्चीत बसून पंखा ऐकतो. गेल्या महिन्यात म्हणाले, "हेमराज, गावाले जाऊन येऊ. बायना बोलत नाई तर नाई, तलाव तरी बोलंल." निघालो. बसमध्ये पुढच्या बाकावरचा एक भाऊ साऱ्या बसला एका आंधळ्या जजची गोष्ट सांगत होता, ज्यानं आपल्याच गावच्या मच्छीमारांचा तलाव ठेकेदाराला देऊन टाकला. (खरं काय ते तुम्हाला माहीत आहे. अकरा वर्षांपूर्वी तुमच्या मच्छीमार संस्थेचं तलावाचं अपील समोर आलं, तेव्हा साहेबांनी "माझी सख्खी बहीण या संस्थेत आहे" असं लिहून ते दुसऱ्या कोर्टाकडे पाठवलं. हरल्या तुम्ही तिथं.) साहेबांनी त्या भाऊला विचारलं, "मंग त्या जजचं काय झालं?" तो म्हणाला, "कुठी तरी एकटाच सडून राह्यला असल." साहेब म्हणाले, "बरोबर माहिती आहे तुमाले."

त्यात मला डुलकी लागली. साहेबांनीच काठीनं उठवलं, "उतर, गाव मागं गेलं." दोन किलोमीटर उन्हात मागे चालत आलो. तुमचं दार बंद होतं. साहेब दारासमोर उभे राहिले आणि हळूच म्हणाले, "आत आहे बायना. मासे तळून राह्यली." मी हाक मारू का म्हणालो. "नको," म्हणाले, "या निकालावर अपील नाई."

तसेच परत फिरलो. म्हणून हे पत्र. प्रकृतीस जपावे.

आपला,
हेमराज

ता. क. बाई, एवढं लिहून खरं लिहायचं राहूनच गेलं. त्या अपिलाच्या वेळी कोर्टाच्या पत्त्यावर तुमचं पत्र आलं होतं. पहिल्याच पानावर तलावाची केस. पक्षकाराचं पत्र जजला! वाचून दाखवलं, तर साहेबांना ते लेखी कळवावं लागणार, त्यांच्या नावाची चर्चा होणार. मी घाबरलो. पान न उलटता पत्र ट्रंकेत टाकलं आणि साहेबांना सांगितलं, आज टपाल नाही. गावाहून आल्यावर गेल्या आठवड्यात ट्रंक साफ केली, तेव्हा दुसरं पान पाहिलं. "केसचं जाऊ दे, चैतू. मी तुले काई मांगत नाई. दिव्यानीचं लगन पंधरा तारखेले आहे. मामा पायजे. तू आल्याशिवाय अंतरपाट धरणार नाई." साहेबांना वाटतं, अपील ऐकलं नाही म्हणून तुम्ही भाचीच्या लग्नाला बोलावलं नाही. तुम्हाला वाटतं, बोलावूनही ते आले नाहीत. दोघांच्या मधे अकरा वर्षं मी बसलो आहे. त्यांना सांगायची माझी छाती होत नाही. तुम्हीच या, आणि ते पान तुम्हीच त्यांना वाचून दाखवा, एवढीच विनंती.

ता. क. दुसरा, सोमवार. काल वरचं लिहिताना साहेब मागे येऊन उभे राहिले. "कोणाले लिहून राह्यला?" मी म्हणालो, पेन्शन ऑफिसला. "पेन्शन ऑफिसले लिहितानी कोणी नाक ओढत नाई. वाच." मी सगळं वाचलं, एक ओळ गाळली नाही. तुमचं पत्रही दोन्ही पानं वाचलं. ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. फक्त विचारलं, "लगनात मामाच्या जागी कोण उभं राह्यलं?" मला माहीत नाही म्हणालो. आज सकाळपासून चारदा तेच विचारलं. बाई, मला माफ करू नका, पण तेवढं कळवा.