ए एस डी एफ म्हणजे सा रे ग म

आबा, परवा आमच्या ऑफिसातल्या एक बाई निवृत्त झाल्या. चहापानाच्या वेळी त्यांनी मला बाजूला घेतलं आणि विचारलं, "पेटी शिकायचीय हो. मोबाइलवर इतकी ॲप आहेत, पुस्तकं आहेत, नवशिक्या माणसाने कुठलं घ्यावं?" मी जराही विचार न करता म्हटलं, "पहिलं पान मोठ्याने वाचा. घरात ज्याला पेटीतलं ओ की ठो कळत नाही, त्याला ऐकवा. त्याला कळलं तर घ्या, नाही तर पुढचं बघा." बाई खूश होऊन गेल्या. मी मात्र वेफर्सची बशी हातात धरून तिथेच उभी राहिले, कारण तोंड माझं असलं तरी बोलणं तुमचं होतं. तुम्हाला जाऊन वीस वर्षं होत आली आणि तुम्ही अजून मधूनच माझ्या तोंडून बोलता. म्हणून आज सुट्टीचा दिवस गाठून लिहायला बसलेय. जन्मभर तुम्ही कोर्टाबाहेर बसून लोकांचे अर्ज टाइप केलेत, पण तुम्हाला कोणी साधं चार ओळींचं पत्र लिहिल्याचं मला आठवत नाही.

तो जानेवारीतला रविवार आठवतो का? मी तेव्हा जळगावात मावशीकडे राहून एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवत होते आणि शनिवारच्या एसटीने धुळ्याला घरी येत होते. विहारात एप्रिलातल्या जयंतीच्या कार्यक्रमाची बैठक होती. दरवर्षी आपल्या वस्तीतल्या चार बाया जयंतीला गाणी म्हणायच्या, त्यात आई पुढे. पेटीला रेल्वेतले ते निवृत्त काका असायचे. ते काका त्या वर्षी कायमचे मुलाकडे नाशिकला गेले. सेक्रेटरी म्हणाले, "यंदा बायांची गाणी राहू द्या. पेटीशिवाय बरं दिसत नाही. कॅसेट लावू." आईने पदर सारखा केला, आणि तो आधीच सारखा होता. तेवढ्यात तुम्ही मागच्या रांगेतून उठलात आणि कोर्टात बोलता तशा शुद्ध मराठीत म्हणालात, "पेटी मी वाजवतो." अख्खी बैठक वळून तुमच्याकडे बघायला लागली. तुम्ही पेटी कधी उचलूनसुद्धा ठेवली नव्हती. घरी येताना आई रस्त्यातच घरच्या बोलीत म्हणाली, "अहो, तुम्हले सा कोठे शे ते तरी माहीत शे का?" तुम्ही म्हणालात, "शोधसू. दहा बोटं शेतस माले, दहाबी कामले लागेल शेतस." आई हसली नाही, पण तिची चाल बदलली. मी मागून चालत होते, मला दिसलं.

मग पुस्तकं आणायचं काम माझ्याकडे आलं. जळगावच्या बाजारातून मी पहिलं आणलं ते जाडजूड, बांधीव, विद्वान माणसाने लिहिलेलं. तुम्ही पहिलं पान आईला वाचून दाखवलंत. नाद म्हणजे काय, श्रुती किती, थाट किती. आई भाकरी थापत होती, ती म्हणाली, "ह्यामा पेटी कवय येई?" तुम्ही पुढची पानं चाळलीत आणि त्र्याहत्तराव्या पानावर पेटीचं चित्र सापडलं. तोपर्यंत तुम्ही लाल पेन्सिलीने त्यातल्या छपाईच्या चुका काढायला सुरुवात केली होती. पुस्तक शिकण्याऐवजी तपासून झालं. दुसरं पुस्तक एसटी स्टँडवरचं, पातळ, तीस दिवसांत हार्मोनियम शिकवणारं. त्यात बोटं कशी ठेवायची याचं चित्र होतं. तुम्ही ते डोळ्यांजवळ नेलंत, लांब धरलंत, स्वतःचा हात त्यावर ठेवून पाहिलात आणि हाक मारलीत, "पोरी, कोना हात शे हाऊ?" छापणाऱ्याने दोन्ही हात डावेच छापले होते. तिसरं पुस्तक मात्र चांगलं निघालं. कुठल्या तरी शाळेतल्या गाणं शिकवणाऱ्या गुरुजींचं. पहिल्याच पानावर लिहिलं होतं की आज स्वर वाजवायचा नाही, आज फक्त डाव्या हाताने भाता हलवायचा आणि हवा कशी भरते ते बघायचं. आई म्हणाली, "हाई समजनं." पुस्तक पास झालं.

पुस्तक पास झालं, पण तुम्ही नापास होत होतात. विहारातली पेटी घरी आली होती. उजव्या हाताने स्वर, डाव्या हाताने भाता, एवढंच करायचं होतं. पण पंचवीस वर्षं टाइप केलेला तुमचा डावा हात तो. उजव्या हाताने पट्टी दाबली की तो भाता सोडून धावत पुढे यायचा आणि पट्ट्यांवर बसायचा, आणि पेटी एक सुस्कारा टाकून गप्प. तुम्ही त्या हाताला रागावायचात, अगदी नाव घेऊन रागावल्यासारखं. फेब्रुवारी संपला तेव्हा तुम्हाला चार स्वर सलग येत नव्हते. त्या शनिवारी मी आले तर तुम्ही पेटीकडे पाठ करून जेवलात. आई भांडी घासताना हलकेच म्हणाली, "त्यासनी मनाकरता कबूल करं. नही जमनं तरी चाली, पण तोंड पाडी बठतस ते माले देखवत नही." मला पहिल्यांदा कळलं की हे गंमत म्हणून चाललेलं नाही, तिच्यासाठी चाललंय. तुम्ही जमलं नाही म्हणाला असतात तर कॅसेट लागली असती, आणि एकदा लागली की ती दरवर्षी लागली असती.

क्लासमध्ये कॉम्प्युटरच्या मासिकांबरोबर आलेल्या सीड्या पडलेल्या असायच्या. त्यांत संगीत शिकवणारे तीन प्रोग्राम मला सापडले. आमच्या मॅडमनी रविवारी सकाळी क्लास उघडायची परवानगी दिली, आणि तुम्ही पहाटेच्या गाडीने जळगावला आलात, इस्त्रीचा शर्ट घालून, कोर्टात जज्जसमोर जायचं असल्यासारखे. चप्पल बाहेर काढलीत. मी म्हटलं, "आबा, चालतं आत," तर म्हणालात, "मशीन शे ना, धूळ जाई." पहिला प्रोग्राम पाच रेघांवर काळे ठिपके दाखवायचा, तो तुम्ही हात जोडून बंद करायला लावलात. दुसऱ्यात एक माकड होतं, चुकलं की ते कपाळावर हात मारून घ्यायचं. तुम्ही दोनदा चुकलात, दोनदा त्याने कपाळ बडवलं, आणि तुम्ही म्हणालात, "ह्याले सांग, मी कोर्टमा बसस, माले असला लोके रोज भेटतस." तिसरा अगदी साधा. पडद्यावर काळ्या-पांढऱ्या पट्ट्या आणि प्रत्येक पट्टीखाली एक इंग्रजी अक्षर. ते अक्षर दाबलं की तो स्वर वाजणार. एवढंच. माकड नाही, रेघा नाहीत.

तुम्ही खुर्ची पुढे घेतलीत. पाठ ताठ केलीत. दोन्ही हात कीबोर्डवर ठेवलेत, आणि कुठलाही टायपिस्ट बसल्या बसल्या जे करतो तेच केलंत. डाव्या करंगळीपासून ए, एस, डी, एफ. टायपिंगचा पहिल्या दिवसाचा पहिला धडा. आणि स्पीकरमधून आलं, सा, रे, ग, म. आबा, मी तिथेच उभी आहे, तुमच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून. तुम्ही हात उचलता, पुन्हा ठेवता, पुन्हा तेच दाबता, जणू मशीनने चुकून बरोबर उत्तर दिलंय आणि खात्री करून घ्यायला हवी. मग जी, एच, जे, के. प, ध, नि आणि वरचा सा. तुम्ही वळून माझ्याकडे बघता. माझ्या दहावीच्या निकालालाही तुमचा चेहरा असा झाला नव्हता, हे मी जरा रुसूनच लिहितेय. "हाई तं माले येस!" तुम्ही म्हणालात. "पोरी, हाई तं माले पंचवीस वरीसपासीन येस!" दुपारपर्यंत तुम्ही आईच्या एका गाण्याचा मुखडा टाइप केला होतात. हो, टाइपच. वाजवला म्हणायला तुम्हीही तयार नव्हतात.

पुढचा महिना काय धमाल होती. घरी कॉम्प्युटर नव्हता, म्हणून तुम्ही कोर्टाबाहेर, गिऱ्हाईक नसेल तेव्हा, इंग्रजी टाइपरायटरवर गाणी बडवायचात. आवाज फक्त खटखट, सूर सगळे तुमच्या डोक्यात. कागदच्या कागद अक्षरांनी भरायचे. शेवटी व्हायचं तेच झालं. साक्रीकडच्या एका शेतजमिनीच्या इंग्रजी प्रतिज्ञापत्रात सहीच्या जागेच्या वर एक आख्खा अंतरा उतरला. वकीलसाहेब कागद घेऊन परत आले आणि म्हणाले, "हे कुठल्या कायद्यातलं कलम म्हणायचं?" तुम्ही कागद बघितलात आणि शांतपणे म्हणालात, "साहेब, इथे माझा एक स्वर चुकलाय." मग भानावर येऊन कागद नव्याने टाइप करून दिलात. हे मला वकीलसाहेबांनीच सांगितलं, हसून हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. तुम्ही घरी चकार शब्द काढला नाहीत.

पेटीच्या पट्ट्यांवर तुम्ही टाइप केलेली अक्षरं कापून डिंकाने चिकटवलीत. आता दोन्ही हात वर आले, बोटं धावायला लागली, प्रश्न उरला भात्याचा. आई समोर येऊन बसली, पेटीच्या पलीकडे, आणि भात्याला हात घातला. "भाता मी धरसू," ती म्हणाली, "तुम्ही बोटं चालाडा. पहिलं पान माले समजेल शे." अशी तुमची पेटी दोघांची झाली. ती भाता हलवता हलवता गायची, तुम्ही दोन्ही हातांनी तिच्या मागे धावायचात, आणि दर ओळीच्या शेवटी एकमेकांकडे बघून घ्यायचात, पोचलो का म्हणून. एकच अडचण राहिली. तुम्हाला सगळं ए पासूनच यायचं, म्हणजे पांढरी एक. आईचा सूर काळी चारचा, पुष्कळ वरचा. तिथून वाजवायचं तर तुमची सगळी अक्षरं बदलली असती. तुम्ही प्रयत्न करून पाहिलात आणि कपाळाला हात लावलात, त्या माकडासारखा. आई म्हणाली, "राहू द्या, मी खाले येस." चौघी बाया तुमच्या सुरात खाली उतरल्या. जरा दबून गात होत्या, पण गात होत्या.

जयंतीच्या संध्याकाळी मंडपात तुम्हाला दोन्ही हातांनी पेटी वाजवताना पाहून पहिल्या रांगेत हशा पिकला. कोणीतरी म्हणालं, "भाऊ, अर्ज टाइप करी ऱ्हायना का?" मग पहिलं गाणं सुरू झालं आणि हशा थांबला. दुसरं झालं. सेक्रेटरी स्वतः टाळ्या वाजवत होते. मी स्टेजच्या बाजूला उभी होते, तुम्हीच मला तिथे उभं केलं होतं. काही चुकलं तर खूण कर, म्हणाला होतात. तिसऱ्या गाण्याच्या शेवटच्या कडव्यात लोकांनी ताल धरला, आणि आई इतकी रंगली की तिने भाता सोडून दोन्ही हातांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. पेटी बंद पडली. तुमची बोटं चालूच होती, तशीच जोरात, मान डोलत, डोळे मिटलेले. बिनआवाजाचं वाजवायची तुम्हाला सवय होतीच. आणि समोर, धरून ठेवणारा सूर सुटल्यावर, आईचा आवाज वर चढायला लागला. बाकीच्या तिघी तिच्या मागे. चढत चढत तो तिच्या स्वतःच्या जागी गेला, आणि मंडपाच्या मागच्या टोकाला बसलेली माणसं उठून उभी राहिली.

घरी परतताना तुम्ही मला विचारलंत, "शेवटलं कसं वाजनं?" मी म्हटलं, "मस्त वाजलं आबा, मागेपर्यंत ऐकू येत होतं." तुम्ही पुढे कितीतरी वर्षं लोकांना सांगत राहिलात की शेवटच्या गाण्याला माणसं उठून उभी राहिली होती. खरंच राहिली होती. पेटी तेव्हा बंद पडली होती, हे आईलाही मी कधी सांगितलं नाही. ती अजून तुमच्या पांढरी एकमध्येच, खाली दबूनच गाते, तुमची पेटी नसली तरी. हे पत्र मी तिला वाचून दाखवणार नाही, आणि तुम्हाला पाठवायची सोय नाही, म्हणून तर एवढं धीटपणे लिहितेय. मी खूण करू शकले असते आबा. आईपासून दोन हातांवर होते. नुसता हात लावला असता तरी तिने भाता धरला असता. मी मुद्दाम केली नाही. मला ती पुढेही तशीच, तिच्या स्वतःच्या सुरात ऐकायची होती.