टकल्याचे डोळे

बाबा, ते पाकीट तू पोस्टात टाकलंच नव्हतंस. तुला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी हे वाक्य लिहिताना राग तेवढाच ताजा आहे. तू असतास तर म्हणाला असतास, एका पाकिटाचं काय घेऊन बसलीस. तर बसले आहे घेऊन.

मी तेव्हा आठवीत होते, जोह्याहून एसटीने पेणला शाळेत जायचे. स्टँडजवळच्या टपरीवर हिंदी कॉमिक्स भाड्याने मिळायची आणि मी नि माझी मैत्रीण दर महिन्याला एकाच मालिकेचा अंक घ्यायचो. तिला त्यातला नायक आवडायचा. इस्त्री केल्यासारखी छाती, मारामारीतही केस हलायचा नाही, अशा माणसात काय आवडण्यासारखं आहे ते मला कधी कळलं नाही. मला त्याचा शत्रू आवडायचा. त्याचं हिंदी नाव भलंमोठं होतं, आम्ही त्याला टकल्या म्हणायचो. एक भुवई मधोमध तुटलेली, समुद्राच्या तळाशी कारखाना, आणि सगळी जमीन पाण्याखाली घालायची हा बेत. खाडीचा बांध फुटला की भातात खारं पाणी शिरतं हे बघत वाढलेल्या मुलीला खरं तर त्याची भीती वाटायला हवी होती. पण अख्ख्या पुस्तकात काम करताना दिसायचा तो एकटाच. नकाशे काढायचा, यंत्रं जोडायचा, शेवटच्या पानावर सपाटून मार खायचा, आणि पुढच्या महिन्यात नवा बेत घेऊन पुन्हा हजर. आपल्या गणपतीच्या कारखान्यात तरी याहून वेगळं काय चालायचं? मी वहीभर त्याचीच चित्रं काढली होती.

कारखान्यात बायकांनी काय करायचं हे ठरलेलं होतं. आई आणि मी मूर्ती घासायचो, पितांबर रंगवायचो, कधीकधी शेल्याची नक्षीसुद्धा. डोळ्यांची आखणी मात्र तुझी एकट्याची. आंघोळ करून, सकाळच्या उजेडात, कोणाशी न बोलता, आणि तेवढा वेळ आम्ही बाहेर. असं का म्हणून मी एकदा विचारलं तर म्हणालास, तशी रीत हाय. मग मी पत्र्याच्या फटीतून बघायचे. वरची पापणी एका दमात ओढायचास, बुबुळ जरासं खाली, म्हणजे समोर कुठेही बसलं तरी देव आपल्याकडेच बघतोय असं वाटतं. मला हे कोणी शिकवलं नाही.

वही तुला सापडली ती श्रावणात, ऐन घाईच्या दिवसांत. देवाच्या घरात राक्षसाची भक्ती चाललीय, असं म्हणून तू ती शाडू भिजवायच्या पिंपात बुडवलीस. मारलं नाहीस. मारलं असतंस तर बरं, असं मला वाटलं, कारण मार विसरता येतो. मी दोन दिवस जेवले नाही आणि तिसऱ्या दिवशी मोठ्या कागदावर पुन्हा टकल्याच काढला. त्या कॉमिक्सच्या शेवटच्या पानावर वाचकांची चित्रं छापून यायची. झाडून सगळे नायकाचं चित्र पाठवायचे. मला वाटायचं, एकदा तरी कोणीतरी याचं पाठवायला हवं. आईने तुझी समजूत घातली असणार, कारण त्या संध्याकाळी तू स्वतःहून म्हणालास, बघू काय काढलंस. चुलीपाशी बसून, कागद उजेडाकडे धरून तू इतका वेळ बघत राहिलास की आईने भाकरी थापणं थांबवलं.

माझी एक चूक झाली होती. मला डोळे एकाच तऱ्हेचे काढता यायचे, तेच मी टकल्याला दिले होते. बाकी सगळा क्रूर चेहरा, तुटलेली भुवई, आवळलेले ओठ, आणि मधे गणपतीचे शांत डोळे.

"याचे डोळे असे कशाला गो?" तू विचारलंस.

"मना दुसरे येत नाय," मी म्हणाले.

तू हसला नाहीस. उद्या रंग आणायला पेणला जातोय, दे, पोस्टात टाकतो, म्हणालास. पोस्ट माझ्या शाळेच्या वाटेवरच होतं, मीही टाकलं असतं. पण तू मागितलंस याचाच मला इतका आनंद झाला की मी पाकिटावर तिकिटं चिकटवून ते दोन्ही हातांनी तुला दिलं.

पुढचे महिने मी कसे काढले ते तुला माहीत आहे, तू बघत होतास. नवा अंक आला की मी टपरीवर उभ्याउभ्याच शेवटचं पान उघडायचे. घरी आल्यावर तू विचारायचास, आलं का? मी मान हलवायचे. येईल पुढच्या टायमाला, तू म्हणायचास. हे तू म्हणायचास, बाबा. तुला माहीत असताना. होळीच्या सुमाराला तू मला तुझा आखणीचा बारीक ब्रश दिलास, खारीच्या केसांचा, ज्याला आईनेही कधी हात लावला नव्हता. मला वाटलं, मुलगी हिरमुसली म्हणून देतोयस. मी तो कापडात गुंडाळून पेटीत ठेवला आणि चित्रं सोडली. ज्यांना कळतं त्यांनी माझं चित्र बघितलं आणि बाजूला टाकलं, असं मी धरून चालले होते. तेव्हापासून लग्न होईपर्यंत मी पितांबर रंगवले, आणखी काही नाही.

लग्न होऊन रोह्याला गेले. तिथल्या मंडळाची नवरात्रातली मोठी देवी तूच करायचास. मूर्ती एवढी मोठी की टेम्पोतून न्यायची सोय नव्हती, म्हणून तू पंधरा दिवस तिथेच राहून मांडवात घडवायचास. आम्ही ती कधीच बघितली नव्हती. पहिल्याच नवरात्रात सासूबाई म्हणाल्या, चल, तुझ्या बापाचा राक्षस दाखवते, देवीला कोण बघतो, सगळं रोहा त्यालाच बघायला येतं. आणि खरंच तसं होतं. देवीपुढे हात जोडले जायचे, पण गर्दी अडायची ती तिच्या पायाशी पडलेल्या महिषासुरापाशी. पोरं शाळेच्या वह्यांवर त्याचं चित्र काढून मांडवात आणून दाखवत होती. एक म्हातारी मोठ्याने म्हणाली, मारू नको गो याला, बघ कसा बघतो. मी पुढे सरकले. त्याला शिंगं होती, मिशा होत्या. पण भुवई मधोमध तुटलेली होती आणि डोळे माझे होते.

त्याच संध्याकाळी मंडळाने तुझा सत्कार ठेवला होता. शाल, श्रीफळ, टाळ्या. अध्यक्षांनी माइकवरून विचारलं, इतक्या वर्षांत तुम्ही हा चेहरा बदलला नाहीत, हा सुचला कसा? तू बायकांच्या बाजूला बघितलंस. मी तिसऱ्या ओळीत बसले होते, आपली नजरानजर झाली. मग तू माइककडे वळलास.

"सपनात दिसला," तू म्हणालास.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. सासूबाईंनीही वाजवल्या. मला कोपर मारून म्हणाल्या, बाप मोठा कलाकार हो तुझा. मी व्हय म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते, भरल्या मांडवात?

दिवाळीला माहेरी आले तेव्हा मी तुला विचारलं. आता फटीची गरज नव्हती, मी सरळ आत आले. तू एका लहान मूर्तीची आखणी करत होतास. मी म्हटलं, बाबा, रोह्याचा राक्षस माझा टकल्या हाय. तू पापणी पूर्ण केलीस. हात हलला नाही, याचंच मला आजही सगळ्यात जास्त लागतं.

"राक्षसाचं तोंड सगळीकडं सारखंच असतं," तू म्हणालास. आणि दुसऱ्या डोळ्याला सुरुवात केलीस.

मग आपण त्यावर कधी बोललो नाही. मी तुझं दुखणं काढलं, तुझं सगळं केलं, आणि माझीच शंका असेल असंही मधूनमधून स्वतःला समजावलं. तू गेल्यावर आईने ब्रशांचा डबा माझ्यापुढे ठेवला. तळाशी पाकीट होतं. तिकिटं कोरी, त्यांवर शिक्का नाही. आत माझा कागद, चारही कोपऱ्यांना टाचणीची भोकं, कडांना शाडूच्या बोटांचे ठसे, आणि टकल्याच्या चेहऱ्यावर पेन्सिलने आखलेल्या चौकटी, लहानाचं मोठं करताना तू आखायचास तशा.  आईला हे माहीत होतं का, ते मी तिला विचारलं नाही, कारण मला एकाच वेळी दोघांवर रागवायचं नव्हतं.

आता मी पुन्हा चित्रं काढते, बाबा. ती टाकायला माझ्या मुलीने मोबाइलवर एक ग्रुप लावून दिलाय. फक्त खलनायकांवर जीव टाकणाऱ्या लोकांचा एक मोठा घोळका आहे तिथे. कुठकुठची माणसं आपापल्या आवडत्या दुष्टाची चित्रं काढतात आणि एकमेकांचं मनापासून कौतुक करतात. तेराव्या वर्षी मला हे सापडलं असतं तर, असा विचार मी फार करत नाही, कारण केला की तुझ्यापाशी येऊन थांबतो. माझा टकल्या तिथे लोकांना फार आवडतो. जो तो डोळ्यांबद्दलच लिहितो. पापणी मी एका दमात ओढते, बुबुळ जरा खाली, आणि ब्रश तूच दिलेला आहे. त्याचे केस आता झिजलेत.

परवा एका मुलीने विचारलं, असे डोळे काढायला तुम्ही कोणाकडून शिकलात? मला पत्र्याची फट दिसली, सकाळचा उजेड, तुझी पाठ. 

मग मी लिहिलं, कोणाकडूनच नाही, आपोआप सुचले.