बावन्न अंश

प्रिय चिमे,

तुझा फोन येतो, गोळ्या घेतल्या का विचारतेस. घरी मात्र बोलवत नाहीस. सव्वा वर्ष झालं. मीही विषय काढत नाही.

इथलं तेच. दिवसाला पाच स्वयंपाकघरं, पाच फॉर्म आणि जिन्यात कुरकुरणारे गुडघे. निवृत्तीला आठ महिने उरलेत आणि खात्याने आम्हा अन्न निरीक्षकांना दोन दिवस प्रशिक्षणाला बसवलं. विषय काय, तर लोकांच्या स्वयंपाकघरात शिरताना त्यांच्या रीतीभातींचं भान कसं ठेवायचं. शिकवणारी तुझ्याच वयाची. एकतीस वर्षं मी झुरळं शोधली, ही पोरगी मला काय शिकवणार, अशा तोऱ्यात मी मागे बसून जांभया देत होतो.

दुसऱ्या दिवशी तिने आम्हाला नाटक करायला लावलं. मला एप्रन बांधून स्वयंपाकी केलं, पुढ्यात रिकामं पातेलं ठेवलं. नवीनच लागलेला एक निरीक्षक आला, त्याने न विचारता झाकण काढलं आणि थर्मामीटर आत खुपसला. सगळे हसले. मीही हसायला गेलो, पण जमेना. पातेल्यात काहीच नव्हतं, तरी माझे कान तापले.

तेव्हा तुमच्याकडचं ते पहिलं जेवण आठवलं. विहीणबाई सकाळपासून राबलेल्या. पहिला डाव माझ्या ताटात वाढायला त्या वळल्या, आणि मी सवयीने खिशातून थर्मामीटर काढून त्यांच्या पातेल्यात बुडवला. वर म्हणालो, "बावन्न. साठ हवं." त्यांनी डाव खाली ठेवला, पातेलं पुन्हा गॅसवर चढवलं, वाफ येईपर्यंत पाठमोऱ्या उभ्या राहिल्या. मग सगळ्यांना वाढलं. तू ताटातून मान वर केली नाहीस. आकडा खरा होता, तोच मी इतके दिवस धरून बसलो. तुझी आई गेल्यापासून कुणी खास माझ्यासाठी रांधलेलं ते पहिलंच जेवण होतं, चिमे, आणि मी ते मोजलं.

त्या पोरीचं एकच वाक्य वहीत उतरवलंय: आत पाऊल टाकण्याआधी विचारायचं. मी आजवर ओळखपत्र दाखवत आलो, विचारलं कधीच नाही. फोनवर हे माझ्याच्याने व्हायचं नाही, म्हणून लिहितोय. एवढं विहीणबाईंना वाचून दाखव. माझं चुकलं. त्या नाही म्हणाल्या तरी मला राग येणार नाही. थर्मामीटर कपाटात ठेवलाय. रविवारी जेवायला येऊ का?

उत्तराची वाट पाहणारा,
तुझाच
बाबा